मैदानावर टेकलेला गुडघा आणि आपल्या अंगणातला प्रश्न

सोलापूरहून पुण्याकडे निघाले की महामार्गालगत मोहोळ तालुक्यात चिंचोळीची औद्योगिक वसाहत लागते. लोकांच्या तोंडी ती ‘चिंचोळी एमआयडीसी’. तेथे कामाला आलेल्या काही परप्रांतीय ख्रिस्ती कुटुंबांच्या भेटीसाठी आम्ही एका रविवारी गेलो होतो. मिस्सा आटोपल्यावर तरुण मंडळी शेजारच्या मोकळ्या जागेत चेंडू घेऊन उतरली. त्यांत झारखंडहून आलेला एक आदिवासी तरुण होता. वेगाने धावणारा, चेंडू पायाला बांधल्यासारखा खेळणारा. त्याने दोन गोल केले. प्रत्येक वेळी मैदानाच्या कडेने एकच आरोळी उठली, “काळ्या, शाब्बास!” पुढे कोणीतरी एका आफ्रिकी देशाचे नाव घेऊन त्याला हाक मारली आणि सारे हसले. तोही हसला. खरे सांगायचे तर आम्हीही हसलो.

काही महिन्यांनी पुन्हा जाणे झाले, तेव्हा तो मैदानावर नव्हता. चौकशी केली तर म्हणाला, “फादर, खेळायला आवडतं, पण आता नाही जात.” याहून अधिक तो काही बोलला नाही आणि आम्हालाही अधिक विचारण्याचे धैर्य झाले नाही. जगभरच्या फुटबॉल मैदानांवर गेली काही वर्षे वर्णद्वेषाविरुद्ध जे निषेध चालू आहेत, त्यांच्या बातम्या वाचताना हे वाक्य आमच्या मनातून जात नाही. म्हणून या विषयाचा विचार दूरच्या देशांपासून सुरू करून आपल्या अंगणापर्यंत आणावा, असे आम्ही ठरविले आहे.

गुडघा टेकण्यामागील कथा

२०१६ साली अमेरिकेतील कॉलिन केपर्निक या अमेरिकी पद्धतीच्या फुटबॉलमधील खेळाडूने कृष्णवर्णीयांवरील अन्यायाचा निषेध म्हणून राष्ट्रगीताच्या वेळी उभे राहण्यास नकार दिला. प्रारंभी तो बाकावर बसून राही. पुढे नेट बोयर या माजी सैनिकाशी त्याची चर्चा झाली. बसून राहण्यात सैनिकांचा अवमान दिसतो. गुडघा टेकल्यास निषेधही होईल आणि आदरही राहील, असा विचार त्या चर्चेतून पुढे आला. तेव्हापासून केपर्निक एक गुडघा टेकू लागला. त्या हंगामानंतर कोणत्याही संघाने त्याला करारबद्ध केले नाही. त्याची कारकीर्द तेथेच थांबली.

२५ मे २०२० रोजी मिनियापोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा, पोलिसाने मानेवर गुडघा दाबून धरल्यामुळे मृत्यू झाला. एक गुडघा माणसाचा श्वास कोंडण्यासाठी वापरला गेला; तोच गुडघा जमिनीला टेकवून जगाने शोक केला. १७ जून २०२० रोजी इंग्लंडमधील प्रीमियर लीगचे सामने पुन्हा सुरू झाले, तेव्हा अॅस्टन व्हिला आणि शेफील्ड युनायटेड या दोन्ही संघांचे खेळाडू सामना सुरू होताच गुडघ्यावर बसले. पुढे ही प्रत्येक सामन्याची रीत झाली. २४ ऑक्टोबर २०२१ रोजी दुबई येथे पाकिस्तानविरुद्धच्या सामन्यापूर्वी भारतीय क्रिकेट संघानेही गुडघा टेकला.

खेळाडूंच्या निषेधाची परंपरा याहून जुनी आहे. १६ ऑक्टोबर १९६८ रोजी मेक्सिको ऑलिंपिकमध्ये दोनशे मीटर धावण्याच्या शर्यतीचे पदक स्वीकारताना टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस या कृष्णवर्णीय अमेरिकी धावपटूंनी काळा हातमोजा घातलेली मूठ उंचावली. दोघांनाही स्पर्धेतून घरी पाठविण्यात आले. त्यांच्या शेजारी रौप्यपदक घेऊन उभा असलेला गोरा ऑस्ट्रेलियन धावपटू पीटर नॉर्मन याने मूठ उंचावली नाही. परंतु मानवी हक्कांच्या चळवळीचा बिल्ला त्याने छातीवर लावला होता. मायदेशी त्याची उपेक्षा झाली. २००६ साली तो वारला तेव्हा स्मिथ आणि कार्लोस यांनी त्याच्या शवपेटीला खांदा दिला. ऑस्ट्रेलियाच्या संसदेने त्याची क्षमा मागितली ती २०१२ साली.

खूण झिजते तेव्हा

परंतु प्रत्येक सामन्यापूर्वी शिट्टी वाजताच केलेली खूण हळूहळू सवयीची होते. वेस्ट लंडनच्या एका क्लबचे फुटबॉल संचालक लेस फर्डिनंड यांनी २०२० सालीच ही शंका बोलून दाखविली होती. मार्च २०२१ मध्ये क्रिस्टल पॅलेसचा विल्फ्रेड झाहा हा प्रीमियर लीगमध्ये गुडघा न टेकता उभा राहणारा पहिला खेळाडू ठरला. गुडघे टेकूनही शिव्या थांबत नसतील तर ताठ उभे राहावे, अशी त्याची भूमिका होती. ऑगस्ट २०२२ मध्ये संघांच्या कर्णधारांनीही ही कृती केवळ निवडक प्रसंगी करण्याचे ठरविले.

त्यांची शंका अनाठायी नव्हती. ११ जुलै २०२१ रोजी युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पेनल्टी हुकलेल्या मार्कस रॅशफर्ड, जेडन सँचो आणि बुकायो साका या तिघा कृष्णवर्णीय खेळाडूंवर समाजमाध्यमांतून वर्णद्वेषी शिव्यांचा वर्षाव झाला. तो ज्या संघाच्या खेळाडूंवर झाला, तो संघ स्पर्धेतील प्रत्येक सामन्यापूर्वी गुडघा टेकत होता. जुलै २०२५ मध्ये इंग्लंडच्या महिला संघातील जेस कार्टर हिने, स्पर्धा सुरू असताना आपल्याला सातत्याने वर्णद्वेषी संदेश येत असल्याचे जाहीर केले. त्यानंतर इटलीविरुद्धच्या उपांत्य सामन्यापूर्वी संपूर्ण संघ गुडघा न टेकता उभा राहिला. फुटबॉलने आता दुसरा मार्ग शोधला पाहिजे, असे त्या खेळाडूंनी सांगितले. २०२० साली जो आशय गुडघा टेकण्यातून व्यक्त झाला, तोच पाच वर्षांनी न टेकण्यातून व्यक्त करावा लागला.

मग दुसरा मार्ग कोणता? त्याची काही चिन्हे दिसत आहेत. २१ मे २०२३ रोजी स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे रेआल माद्रिदचा ब्राझिलियन खेळाडू व्हिनिसियस ज्युनियर याला प्रेक्षकांतून माकड म्हणून हिणविण्यात आले. दुसऱ्या दिवशी रिओ दि जानेरो येथील प्रभू येशूच्या विख्यात पुतळ्यावरील दिवे त्याच्या पाठिंब्यासाठी तासभर मालविण्यात आले. ही खूण हृदयस्पर्शी होती. परंतु प्रकरण तेवढ्यावर थांबले नाही. जून २०२४ मध्ये तेथील न्यायालयाने तिघा प्रेक्षकांना आठ महिन्यांच्या कारावासाची शिक्षा सुनावली आणि दोन वर्षे मैदानात येण्यास बंदी केली. फुटबॉल मैदानातील वर्णद्वेषी शिव्यांबद्दल स्पेनमध्ये झालेली ती पहिली शिक्षा होय.

मे २०२४ मध्ये बँकॉक येथील अधिवेशनात ‘फिफा’ या जागतिक संघटनेने खेळाडूंसाठी एक नवी खूण ठरविली: दोन्ही हात मनगटांशी एकमेकांवर फुलीसारखे धरणे. ही खूण केली की पंचाने त्रिसूत्री अमलात आणायची. प्रथम सामना थांबवायचा, प्रकार सुरूच राहिल्यास संघांना काही काळ मैदानाबाहेर न्यायचे आणि तरीही न थांबल्यास सामना रद्द करायचा. जुन्या आणि नव्या खुणेतील फरक लक्षात घेण्याजोगा आहे. जुनी खूण शोक व्यक्त करते. नवी खूण पंचाला कृती करण्यास भाग पाडते. १५ ऑगस्ट २०२५ रोजी लिव्हरपूलच्या मैदानावर बोर्नमथच्या अँट्वान सेमेन्यो याने एका प्रेक्षकाची तक्रार करताच पंचांनी सामना थांबविला आणि दोन्ही संघांच्या कर्णधारांना व प्रशिक्षकांना बोलावून घेतले. सेमेन्योने पुढे त्याच सामन्यात दोन गोल केले.

महाराष्ट्राच्या भूमीवरील निषेध

हे सारे वाचून ‘गोऱ्या लोकांच्या देशातील दुखणी’ असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु खेळाच्या मैदानावर जन्मामुळे होणारी अवहेलना आणि तिच्याविरुद्ध खेळाडूंनी केलेला निषेध, या दोन्ही गोष्टी महाराष्ट्राने शंभर वर्षांपूर्वी पाहिल्या आहेत.

१८७६ साली जन्मलेले पळवणकर बाळू हे चांभार समाजातील. पुण्यात गोऱ्या साहेबांच्या जिमखान्यावर खेळपट्टीची निगा राखणे आणि सरावाला चेंडू टाकणे, हे त्यांचे काम. डावखुरी फिरकी गोलंदाजी त्यांनी तेथेच घोटली. त्यांची ख्याती ऐकून पुण्यातील हिंदू संघाने त्यांना खेळविले, परंतु कसे? मैदानावर सारे एकच चेंडू हाताळीत. चहाच्या सुट्टीत मात्र इतर खेळाडू आत बसून चिनी मातीच्या कपातून चहा घेत आणि बाळूंना बाहेर, वापरून फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. जेवणाचे ताट वेगळे, बसण्याची जागा वेगळी. त्यांनी घेतलेले बळी मात्र संघाच्या खात्यावर जमा होत. १९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरविले, त्यात बाळूंचा मोठा वाटा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेलेल्या भारतीय संघातून त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले.

एवढे करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल हे उत्कृष्ट फलंदाज; त्यांच्याही वाट्याला तेच आले. १९२० साली चौरंगी सामने भरले, तेव्हा बाळूंना वगळण्यात आले आणि कर्णधार निवडताना विठ्ठल यांना डावलण्यात आले. तेव्हा विठ्ठल आणि दुसरे बंधू शिवराम या दोघांनी संघातून माघार घेतली आणि आपल्या माघारीचे कारण जाहीरपणे सांगितले. त्याच वर्षी ३१ जानेवारीस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘मूकनायक’ सुरू झाले होते आणि मार्चमध्ये माणगाव येथे राजर्षी शाहू महाराजांच्या उपस्थितीत परिषद भरली होती. लोकमताचा दाब वाढला, तडजोड झाली, बाळूंना संघात घेऊन उपकर्णधारपद देण्यात आले आणि दोघे भाऊ परतले. तीन वर्षांनी, १९२३ साली, विठ्ठल पळवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने युरोपियनांना हरवून विजेतेपद मिळविले. ‘माझे क्रीडा-जीवन’ हे त्यांचे मराठी आत्मचरित्र आजही अभ्यासकांना मार्गदर्शक ठरते.

पळवणकर बंधूंच्या या माघारीत आम्हाला तीन गोष्टी दिसतात. त्यांना किंमत मोजावी लागणार होती. कारण खेळणे हीच त्यांची प्रतिष्ठा आणि तीच पणाला लागली होती. त्यांची मागणी नेमकी होती. आणि त्यांच्या कृतीनंतर व्यवस्थेला काहीतरी बदलावे लागले. कोणत्याही निषेधाचे मोल या तीन कसोट्यांवर ठरते, असे आम्हाला वाटते. ज्या खुणेने करणाऱ्याचे काही जात नाही आणि पाहणाऱ्याला काही बदलावे लागत नाही, ती खूण लवकरच शोभेची वस्तू होते.

याच जिल्ह्यातील पंढरपूरचे स्मरण येथे होते. १ मे १९४७ रोजी साने गुरुजींनी विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून तेथे प्राणांतिक उपोषण आरंभिले आणि दहा दिवसांत मंदिराची दारे उघडण्याचा निर्णय झाला. ज्या देवाला सारा महाराष्ट्र प्रेमाने ‘सावळा’ म्हणतो, त्याच्या दारातही माणसांची प्रतवारी होत होती. सावळ्या रंगाची भक्ती आणि सावळ्या माणसाची अवहेलना एकाच समाजात शेजारी शेजारी नांदू शकतात, हे आपण ओळखले पाहिजे.

आपणही प्रेक्षक होतो

ऑक्टोबर २००७ मध्ये ऑस्ट्रेलियाचा क्रिकेट संघ भारतात आला असता वडोदरा येथे आणि नंतर १७ ऑक्टोबर रोजी मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर अँड्र्यू सायमंड्स या मिश्रवंशीय खेळाडूला काही प्रेक्षकांनी माकडासारखे आवाज आणि हावभाव करून चिडविले. मुंबईत पोलिसांनी काही प्रेक्षकांना ताब्यात घेतले. त्या वेळी आपल्याकडे काय बोलले गेले, ते अनेकांना आठवत असेल. ‘आम्ही तर स्वतः वर्णद्वेषाचे बळी, आम्ही वर्णद्वेषी कसे असू?’ असा सूर होता. सायमंड्स २०२२ साली अपघातात गेला. तो प्रश्न मात्र आपल्यापाशी उरला आहे.

जानेवारी २०२१ मध्ये सिडनीच्या मैदानावर महंमद सिराज याला प्रेक्षकांनी शिवीगाळ केली, तेव्हा भारतात संताप उसळला आणि तो योग्यच होता. परंतु जून २०२० मध्ये वेस्ट इंडिजचा माजी कर्णधार डॅरेन सॅमी याने सांगितले की, भारतातील स्पर्धेत खेळताना आपल्याला ‘कालू’ म्हणत. तो शब्द बलवान घोड्यासाठी आहे असे समजून आपण हसत होतो. अर्थ कळल्यावर राग आला. चिंचोळीच्या मैदानावरील त्या तरुणाचे हसू आम्हाला येथे आठवते. सॅमीला भाषा ठाऊक नव्हती म्हणून तो हसला. आमच्या तरुणाला भाषा पुरती ठाऊक होती. तो हसला, कारण न हसण्याची मुभा त्याला नव्हती.

ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात भारतीय महिला हॉकी संघ हरला, तेव्हा वंदना कटारिया हिच्या हरिद्वारजवळील घरासमोर काहींनी फटाके वाजवून कुटुंबाला जातीवरून हिणविल्याची तक्रार पोलिसांत नोंदविली गेली. इंग्लंडमध्ये पेनल्टी हुकलेल्या तिघांवर शिव्यांचा वर्षाव होऊन जेमतेम महिना झाला होता. तेथे पराभवाचे खापर कातडीच्या रंगावर फुटले, येथे जातीवर. जिंकलो की खेळाडू देशाचा आणि हरलो की त्याच्या जातीचा, हा न्याय दोन्हीकडे सारखाच आहे.

सोलापूरकरांना जन्मावरून शिक्का मारण्याचा आणखी एक इतिहास ठाऊक आहे. ब्रिटिश कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवून येथील तारेच्या कुंपणाच्या वसाहतीत डांबले होते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. कुंपणे निघाली, तरी शब्द लोकांच्या जिभेवर दीर्घकाळ राहिले.

‘गंमत होती, फादर!’

याविषयी बोलू लागले की दोन आक्षेप हमखास येतात. पहिला असा की, खेळात राजकारण कशाला आणावे? उत्तर सोपे आहे. ज्याला मातीच्या भांड्यात चहा दिला गेला, त्याने खेळात काही बाहेरचे आणले नव्हते. ते तेथे आधीपासूनच होते. निषेध करणारा केवळ त्याला नाव देतो.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्यासारखा आहे. आपल्याकडे टोपणनावे प्रेमानेही दिली जातात. आई आपल्या लेकराला ‘काळ्या’ म्हणते, मित्र मित्राला म्हणतो. त्यात द्वेष कसला? हे खरे आहे. शब्दाचा अर्थ बोलणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या नात्यात असतो. पण म्हणूनच एक कसोटी लावता येते. ज्याला आपण असे हाक मारतो, तो आपल्याला तसेच एखादे नाव ठेवून उलट हाक मारू शकतो काय? मारू शकत असेल तर ती मैत्री. मारू शकत नसेल, कारण तो परप्रांतीय आहे, कंत्राटी कामगार आहे, एकटा आहे, तर ती गंमत एकतर्फी आहे. आणि एकतर्फी गमतीला दुसरे नाव आहे.

रंगाचे हे वेड मैदानापुरते नाही. आपल्या विवाहविषयक जाहिरातींत ‘गोरी’ हे विशेषण अजून मागितले जाते. २०२० साली ‘फेअर अँड लव्हली’ या मलमाचे नाव ‘ग्लो अँड लव्हली’ झाले. नाव बदलले, नव्या सुनेचा रंग न्याहाळणारी नजर बदलली काय, हे ज्याचे त्याने आपल्या घरात पाहावे.

ख्रिस्तसभेपुढील आरसा

२८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने स्पष्ट केले की, वंश, वर्ण, जीवनस्थिती किंवा धर्म यांवरून केलेला भेदभाव ख्रिस्ताच्या मनाविरुद्ध आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२० च्या ‘फ्रातेल्ली तुत्ती’ या परिपत्रकात वर्णद्वेषाची तुलना रूप पालटणाऱ्या विषाणूशी केली. तो नाहीसा होत नाही, दबा धरून बसतो, असे त्यांनी बजावले. भारतीय कॅथोलिक महागुरूंच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित बांधवांविषयीचे धोरण प्रसिद्ध करताना, ख्रिस्तसभेच्या आतही अस्पृश्यतेची प्रथा उरली असल्याची प्रांजळ कबुली दिली. त्या कबुलीचा उल्लेख आम्ही मुद्दाम करीत आहोत. कारण स्पेनच्या प्रेक्षकांचा निषेध करण्यापूर्वी आपल्या बाकांवर कोण कोठे बसतो, हे पाहणे अधिक अवघड असते.

आम्हा कॅथोलिकांना गुडघे टेकण्याची सवय फार. दर रविवारी पवित्र साक्रामेंतासमोर आपण गुडघे टेकतो. तीही कृती सवयीची होऊ शकते, प्रीमियर लीगच्या खेळाडूंप्रमाणेच. वेदीसमोर टेकलेला गुडघा खरा होता की नाही, हे मंदिराबाहेर पडल्यावर आपण शेजारच्याशी कसे बोलतो त्यावर ठरते.

म्हणून धर्मग्रामांतील युवा मंडळांना आमची एक नम्र सूचना आहे. आपल्या क्रीडादिनी आणि सणाच्या सामन्यांत ती त्रिसूत्री आपण स्वीकारावी. त्यासाठी परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. रंगावरून, जातीवरून, प्रांतावरून आरोळी उठली तर पंचाने शिट्टी वाजवून खेळ थांबवावा आणि कारण मोठ्याने सांगावे. पुन्हा उठली तर दोन्ही संघांनी बाहेर जावे. तिसऱ्यांदा उठली तर सामना संपला. चषक त्या वर्षी कपाटातच राहील. त्याने कोणाचे फार बिघडणार नाही. आणि ज्येष्ठांनी, धर्मगुरूंनीसुद्धा, हसण्यात सामील होऊ नये.

चिंचोळीच्या त्या तरुणाला आम्ही अलीकडे पुन्हा भेटलो. त्या दिवशी आम्हीही हसलो होतो, याबद्दल त्याची क्षमा मागितली. तो संकोचला, “जाऊ द्या फादर,” म्हणाला. तो पुन्हा खेळायला येईल की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. ते त्याच्यावर नव्हे, त्या मैदानाच्या कडेला उभ्या राहणाऱ्या आपणा सर्वांवर अवलंबून आहे.